रिकामा तास

बाईंनी दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही. कडी लावली की तो तास राहत नाही, कोंडवाडा होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. व्हरांड्यातल्या स्टुलावर त्या दाराकडे पाठ करून बसल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत ऐकू लागल्या.

हायस्कूलला सुट्टी होती. वर्गांना कुलपं होती. रंगकामासाठी बाहेर काढलेले बाक व्हरांड्यात एकावर एक उलटे रचले होते, पाय वर करून पडलेल्या जनावरांसारखे. वरच्या मजल्यावरची ही शेवटची खोली तेवढी उघडी होती. तिच्यात पुढच्या महिन्यात आठवीत येणारी मुलं होती, आसपासच्या लहान शाळांमधून आलेली. तिथं एक खोली, एक मास्तर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच आवाज. इथं तासातासाला माणूस बदलणार. म्हणून त्यांच्यासाठी हा उन्हाळी वर्ग. गणिताचे सर गणित पक्कं करून घेत, भाषेच्या बाई वाचन घेत. आणि या बाई रिकामा तास घेत.

शिक्षकांच्या खोलीत यावर एक विनोद ठरलेला होता. "बाई काय शिकवतात?" "काही नाही." "कुठं?" "बाहेर बसून." मुलांनी त्यांचं नाव फौजदारबाई ठेवलं होतं. उंची बेताची, चाल ताठ आणि नजर अशी, की समोरच्यानं न विचारता खिसे उलटे करावेत.

लोक हसोत. बाईंना एक गोष्ट पक्की माहीत होती. हायस्कूलमध्ये एक मास्तर जातो, दुसरा येतो, आणि मधे थोडा वेळ कोणीच नसतं. एखाद्या दिवशी शिक्षक आलेच नाहीत तर अख्खा तास कोणी नसतं. कोणाचा डबा पळवायचा, कोणाला कुठल्या नावानं चिडवायचं, कोणाच्या शेजारी कोणी बसायचं नाही, हे सगळं त्या वेळात ठरतं, आणि एकदा ठरलं की दहावीपर्यंत पुसलं जात नाही. गणितात मागं पडलेलं पोर निदान गुणांत तरी दिसतं. इथं मागं पडलेलं पोर कुठंच दिसत नाही.

बाईंना हे भावामुळे माहीत होतं. भाऊ त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटा. हुशार, बडबड्या, घरात दुसऱ्या कोणाला बोलू न देणारा. तो याच शाळेत आठवीत आला तेव्हा बाई इथंच दहावीत होत्या. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. एका संध्याकाळी तो कोपरं खरचटून घरी आला. पडलो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार नाही, म्हणाला. वडिलांनी समजावलं, मग मारलं. आई रडली. पोरगं दगड झालं होतं. पुन्हा ते शाळेची पायरी चढलं नाही, आणि का, ते कोणाला कळलं नाही. त्या दिवशी त्याच्या वर्गाचा एक तास रिकामा गेला होता, एवढंच बाईंच्या कानावर आलं होतं.

आता तो व्हॅन चालवायचा. उन्हाळी वर्गाची मुलं तोच आणायचा, तोच परत न्यायचा, आणि मधला सगळा वेळ फाटकाजवळ व्हॅनच्या सावलीत बसून राहायचा.

"वर ये की, पंखा आहे," बाई दरवर्षी म्हणायच्या.

"खाली वारा बरा आहे, ताई," तो दरवर्षी म्हणायचा.

काय झालं होतं रे तेव्हा, असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं होतं. "सोड ना," म्हणाला होता. तेव्हापासून तो विषय दोघांमध्ये घरातल्या बंद घड्याळासारखा लटकून होता. कोणी चावी देत नव्हतं, कोणी उतरवूनही ठेवत नव्हतं.

वर्गाच्या सुरुवातीला बाई मुलांना थोडाच वेळ एकटं सोडत. मग जरा जास्त. आज पहिल्यांदाच पूर्ण तास होता. जाताना त्यांनी नेहमीचं सांगितलं होतं, फक्त आज जास्त कडक आवाजात.

"तास संपेपर्यंत मी आत येणार नाही. काहीही झालं तरी. आणि मला हाका मारायच्या नाहीत. शाळा सुरू झाल्यावर तुमच्या प्रत्येक दाराबाहेर मी बसलेली नसणार."

"पाल निघाली तर, बाई?" मागून एका मुलीनं विचारलं होतं. ती वर्गात सगळ्यांत उंच. सगळे तिला जिराफ म्हणत आणि ती ओ देई.

"तिला बाक द्या. आठवीत यायचं असेल तिलाही."

वर्ग हसला होता. बाई हसल्या नव्हत्या, कारण सकाळीच हेडसरांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. एका मुलाची आई तक्रार घेऊन आली होती, की पोराला शिकायला धाडलं तर बाई बाहेर बसून असतात. "मी तुमच्या आड येत नाही, बाई," हेडसर म्हणाले होते. "पण त्या खोलीत काही झालं, अगदी कोणाचं नाक जरी फुटलं, तर हा वर्ग बंद. कायमचा."

आतून आधी कुजबुज आली. मग बाक सरकल्याचा आवाज, मग हसणं. बाईंना आवाज ओळखता येत. कोणीतरी बाकावर चढलं. कोणीतरी धावलं. मग एक बारीक आवाज आला, "माझा बूट दे."

हा काडी. काडीसारखा म्हणून काडी. त्याचे बूट नव्या शाळेसाठी घेतलेले, वाढत्या अंगाचे म्हणून मोठे, चालताना टाच बाहेर यायची. बूट काढून घेणं सोपं होतं.

"दे ना रे. दे की."

"झेल! इकडं, इकडं!"

"देऊन टाक रे त्याचा," जिराफचा आवाज आला. बाई स्टुलावर जरा ताठ झाल्या. हे एक वाक्य ऐकायला त्या दरवर्षी भिंतीकडे तोंड करून बसत. कोणीतरी तिसऱ्यानं म्हणायला हवं, देऊन टाक. म्हटलं.

पुन्हा पाय धावले. "झेल!" कोणीतरी ओरडलं. हसणं वर चढलं आणि मधेच तुटलं.

त्यानंतर काहीच नाही.

आधी बाईंना वाटलं, भांडण मिटलं. पण मिटलेल्या भांडणाला आवाज असतो. कोणी नाक ओढतं, कोणी बाक जागेवर लावतं. इथं पंख्याची घरघर तेवढी होती. एवढी मुलं एका खोलीत, आणि एकाचाही पाय वाजत नव्हता.

जिन्यावरून हेडसर आले. दारापाशी थांबून त्यांनी कान दिला. चेहरा उजळला.

"वा! टाचणी पडली तरी ऐकू येईल आत. जमलं म्हणायचं तुम्हाला."

"हं," बाई म्हणाल्या.

"मला उगाच काळजी वाटत होती," असं म्हणून हेडसर आले तसे खाली गेले.

बाई उठल्या. दारावर हात ठेवला. लाकूड गरम होतं. पलीकडे कोणीतरी उभं आहे असं वाटलं, मग काहीतरी ओढल्यासारखं सरपटलं, आणि पुन्हा शांत. आज दार उघडलं तर सगळं गेलं, त्यांनी स्वतःला बजावलं. मग ही मुलं जन्मभर समजणार, की दाराआड कोणीतरी मोठं माणूस असतंच. शब्द दिलाय. त्यांनी हात काढून घेतला आणि त्या परत स्टुलावर बसल्या. हे परत बसणं पुढं कितीतरी दिवस त्यांना स्वतःलाच समजावता आलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली, पण बुटांची नव्हती. वळणावर भाऊ दिसला. अनवाणी, तोंड उघडं, एक हात कठड्यावर. या इमारतीत त्याला बघून बाई स्टुलावरून उठल्या. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, ओरडू नकोस. दार वाजवू नकोस. पोरगं छज्ज्यावर आहे."

बाईंनी दार ढकललं. बिजागरी कुरकुरू नये म्हणून वर उचलून ढकललं.

सगळी मुलं खिडकीशी होती, पाठमोरी. कोणी वळलं नाही. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना गज नव्हते. एवढ्या उंचावर कोण चढणार, म्हणून कोणी कधी बसवले नव्हते. बाहेर, खालच्या खिडक्यांवरचा सिमेंटचा छज्जा भिंतीच्या कडेनं गेला होता, हातभर रुंद. बूट त्यावर पडला होता, शेजारच्या खोलीच्या खिडकीखाली, आणि त्या खोलीला कुलूप होतं. बुटाशी काडी उकिडवा बसला होता. एका पायात बूट, एका पायात मोजा. बसला होता आणि आता त्याला उठता येत नव्हतं.

जिराफ एक पाय बाहेर टाकून चौकटीवर बसली होती. तिचा लांब हात भिंतीलगत पुढं गेला होता आणि काडीपासून बराच अलीकडे संपला होता. तिच्या कमरेला एकानं मिठी मारली होती, त्याच्या कमरेला दुसऱ्यानं, आणि अशी एक साखळी खोलीच्या मध्यापर्यंत आली होती. सगळ्यांची तोंडं मिटलेली. ते आवाज न करण्याचं काम करत होते, जीव एकवटून.

बाई पुढं झाल्या आणि साखळीच्या शेवटच्या मुलाला मागून धरलं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. अजून एक जण आला, एवढंच त्याला कळलं. आता बाईंना बाहेरचं काही दिसत नव्हतं. समोर फक्त घामेजलेल्या मानांची रांग होती.

भाऊ जिराफशेजारी खिडकीत वाकला. बोलला तेव्हा आवाज असा, जणू तो व्हॅनमध्ये कोणाला जरा सरकून बसायला सांगतोय.

"काय रे काडी. बूट राहू दे. तिथंच राहू दे."

बाहेर बुटाची टाच सिमेंटवर घासली.

"उभं राहायचं नाही. उभं राहिलं की खाली दिसतं. बसल्या बसल्या गुडघे भिंतीकडे वळव. हळू. घाई कोणाला आहे? हां. आता कपाळ भिंतीला टेक."

थोडा वेळ गेला.

"डावा हात वर सरकव. वर. अजून. पाइप धरून ठेवणारी लोखंडी पट्टी लागेल. लागली? गंजकी आहे, हाताला टोचेल. टोचू दे. ती निघत नाही."

"लागली," बाहेरून आवाज आला, अगदी बारीक.

"शाबास. तिला धरून सरक. पुढं छज्ज्याचा तुकडा पडलाय, तिथं गुडघा ठेवायचा नाही. लांब टाक. तिथं सगळ्यांनाच वाटतं आता गेलो. जात नाही माणूस. टाक."

बाईंनी हातातलं पोर आणखी घट्ट धरलं. खोलीतून ती पट्टी दिसत नव्हती. फाटकावरून ती दिसणं शक्य नव्हतं. छज्ज्याचा तुटलेला तुकडा जिराफच्या अंगाआडून भावाला दिसणं शक्य नव्हतं. भाऊ एकेक जागा सांगत होता आणि ती नेमकी तिथं असायची.

मग साखळीला एकदम ओढ बसली. जिराफनं हात धरला होता. सगळे मागं कोसळले, एकावर एक, आणि त्या ढिगाऱ्यात काडी होता. एका पायात मोजा.

आता कुठं मुलांना आवाज फुटला. ज्यानं बूट फेकला होता तो सगळ्यांत मोठ्यानं रडत होता. भाऊ खिडकी लावून तिला पाठ टेकून उभा राहिला. त्यानं खोलीभर एकदा पाहिलं, फळ्यापासून दारापर्यंत, आणि कोणाशी न बोलता तो खाली निघून गेला.

"हाक का नाही मारलीत?" बाईंनी विचारलं. रागावायचं नव्हतं, पण आवाज फौजदाराचाच निघाला.

जिराफच्या दंडाची सालं निघाली होती. ती त्यावर फुंकर घालत होती. "तुम्हीच म्हणालात ना, बाई. काहीही झालं तरी."

"अगं, पण..."

"हा गेला होता दारापर्यंत," तिनं एका मुलाकडे बोट केलं. "आम्हीच ओढून आणला त्याला. म्हटलं, बाई नापास करतील सगळ्यांना."

बाईंनी दाराकडे पाहिलं.

हेडसरांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, काही न वगळता. ऐकता ऐकता हेडसरांचा रंग उडाला.

"सकाळी मी काय म्हणालो होतो?"

"वर्ग बंद."

"मग?"

"उद्याचा दिवस द्या. दार उघडं ठेवते."

"कशाला? हौस फिटली नाही अजून?"

"एक गोष्ट चुकीची शिकवली आहे मी. ती तशीच डोक्यात घेऊन पोरं आठवीत बसतील."

बाई दारापर्यंत गेल्या तेव्हा हेडसर म्हणाले, "मी येऊन बसणार. मागच्या बाकावर."

सगळी मुलं घरोघरी उतरल्यावर बाई व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसल्या. सरळ रस्ता लागला.

"ती लोखंडी पट्टी तुला कशी ठाऊक?"

त्यानं गिअर बदलला. "कंपासपेटी होती माझी," म्हणाला. "नवीन. फेकली कोणीतरी. ती आणायला गेलो."

"मग?"

"आणली. परत आलो तर आतून खिडकी लावून घेतली होती."

बाई सीटवर त्याच्याकडे पूर्ण वळल्या.

"तास रिकामाच होता," भाऊ म्हणाला. "पुढचे मास्तर आल्यावर उघडली. मी आत आलो, बसलो. मास्तरांना काही कळलंच नाही."

"अरे, पण मी खालीच होते," बाई जवळजवळ ओरडल्या. "त्याच खोलीच्या खाली आमचा वर्ग होता. एक हाक मारली असतीस!"

त्यानं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तूच म्हणाली होतीस ना, ताई. पहिल्या दिवशी, फाटकाशी. शाळेत मला ताई ताई करत हाका मारायच्या नाहीत, मैत्रिणी हसतात."

बाई आठवू लागल्या. फाटक आठवलं. मैत्रिणी आठवल्या, त्यांच्या रिबिनी आठवल्या, भावाच्या पाठीवरचं त्याच्यापेक्षा मोठं दप्तर आठवलं. ते वाक्य आठवेना. पण ते आपलंच होतं. आज सकाळी त्याच आवाजात त्यांनी ते भरल्या वर्गाला सांगितलं होतं.

"जाऊ दे गं," भाऊ म्हणाला. घर आलं होतं. "मारली असती तरी तुला कुठं ऐकू येणार होती? जुन्या भिंती, जाडजूड."

दुसऱ्या दिवशी शिपायानं खिडक्यांना आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. मागच्या बाकावर हेडसर हाताची घडी घालून बसले होते, गुडघे बाकात अडकलेले. एरवी मुलं त्यावर हसली असती.

"काल मी सांगितलं ते खोडून टाका," बाई म्हणाल्या. "मधल्या वेळात आपलं आपण बघायचं, ते खरं आहे. पण एखाद्याच्या जिवाशी आलं, किंवा सगळे मिळून एकाच्या मागं लागले, तर हाक मारायची. जवळ जो कोणी असेल त्याला. तो रागावला तरी मारायची. त्यानं आधी नको म्हणून सांगितलेलं असलं तरी मारायची."

"आज आपण तेवढंच करणार," त्या पुढं म्हणाल्या.

"हाक मारायला काय शिकायचं, बाई?" जिराफ म्हणाली. "येते की आम्हाला."

"काल आली नाही."

जिराफचा हात सालं निघालेल्या दंडावर गेला.

"मी खालच्या खोलीत जाऊन उभी राहते, दार लावून. इथून हाक मारायची. मी ओ दिली तर पोचली. पहिली हाक काडी मारेल."

काडी उभा राहिला. पायात जुन्या चपला होत्या. नवा बूट अजून छज्ज्यावरच होता. त्यानं हेडसरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

बाईंनी शिपायाकडून किल्ली घेतली. खालच्या खोलीचं कुलूप उघडलं, आत जाऊन दार लावलं. खोली रिकामी होती, भिंतींना नुकताच चुन्याचा पहिला हात दिलेला. खिडकीकडची त्यांची जागा त्यांना बाकाशिवायही सापडली. तिथं उभं राहून त्यांनी छताकडे पाहिलं.

काही ऐकू येईना. वर पाय वाजत नव्हते, पंखाही नाही. भाऊ म्हणाला ते खरं असेल. जाड भिंती आहेत. बाईंना वाटलं, खरं असू दे. मग लगेच वाटलं, पोराला आवाज फुटू दे. दोन्ही एकदम हवं होतं, आणि दोन्ही एकदम मिळणार नव्हतं.

"बाई!"

इतकी स्वच्छ, की त्यांनी मागं वळून पाहिलं. हाक भिंतीतून आली नव्हती. वरच्या खिडकीतून बाहेर पडून खालच्या खिडकीतून आत आली होती. पुस्तकात डोकं घातलेल्या मुलीलाही ऐकू आली असती. मैत्रिणी हसत असत्या तरी आली असती.

ओ द्यायच्या आधी बाई खिडकीशी गेल्या.

खिडकीतून फाटक दिसत होतं. भाऊ व्हॅनच्या सावलीतून बाहेर येऊन उन्हात उभा होता. त्यानं वरच्या खिडकीकडे पाहिलं, मग खालच्या. बाई तिथं उभ्या दिसल्या तशी त्याची नजर तिथंच थांबली.

"बाई!" वरून पुन्हा आलं. या वेळी घसा चिरला होता. त्यात कालची भीती होती, आणि आपली हाक फुकट चालली आहे ही आजची.

बाईंनी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले.

"ओ!" त्या ओरडल्या. वर ऐकू जावं एवढ्यानं, आणि फाटकापर्यंत जावं एवढ्यानं. "ओ! आले!"